‘रिटर्न’चा माग: इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला शिकताना

इंग्रजी शब्दांचं मूळ शोधायची हौस आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. लॅटिन, ग्रीक किंवा जुनी फ्रेंच येत नसेल तरी काही बिघडत नाही. चांगले कोश हाताशी असावेत, तारखा तपासायची सवय असावी आणि एखाद्या शब्दापाशी चार संध्याकाळी बसायची तयारी असावी. आपण एकच शब्द घेऊ आणि शेवटपर्यंत त्याचा पिच्छा पुरवू. तो शब्द म्हणजे ‘रिटर्न’.

हा शब्द इतका रोजचा आहे की त्यात शोधण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. रिटर्न म्हणजे परत येणं किंवा परत देणं, एवढंच आपण धरून चालतो. पण वर्षाच्या उत्पन्नाची माहिती सरकारला देतो, तिला रिटर्न का म्हणायचं? त्यात आपण परत काय करतो? निवडणुकीतला रिटर्निंग ऑफिसर कुणाला काय परत करतो? शब्दाचा नुसता धातू माहीत असून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. ती जुन्या इंग्लंडातल्या कचेऱ्यांत मिळतात. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की धातू जरूर शोधा, पण तो शब्द कुणाच्या कामात, कुठल्या कागदावर वापरला जात होता याचा शोध त्याहून नेटाने घ्या.

पायरी १: आधी आजचे वापर गोळा करा

कोश नंतर उघडा. आधी कोरा कागद घ्या आणि तो शब्द तुमच्या आसपास कुठे-कुठे ऐकू येतो ते लिहून काढा. लोकांच्या तोंडी जसा येतो तसाच लिहा, व्याकरण सुधारू नका.

‘रिटर्न’ची यादी बघता बघता वाढते. लोकलच्या खिडकीवर ‘एक ठाणे रिटर्न’. बँकेत चेक रिटर्न गेला, सोबत रिटर्न मेमो आला. दुकानदाराच्या वहीत माल रिटर्न. म्युच्युअल फंडाचे रिटर्न्स. लग्नाच्या स्थळात ‘फॉरेन रिटर्न’ मुलगा. मुलांच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट. गोलंदाजाने स्वतःच्याच चेंडूवर घेतलेला रिटर्न कॅच. संगणकावरची रिटर्न की. इन्कम टॅक्सचं रिटर्न, जीएसटीचं रिटर्न. जिल्ह्यात निवडणूक लागली की रिटर्निंग ऑफिसर. उच्च न्यायालयात वावरणाऱ्यांच्या कानावर आणखी एक येतो: ‘रूल रिटर्नेबल फोर्थविथ’, ‘नोटीस रिटर्नेबल’ अमुक तारखेला.

आता यादीवर खुणा करा. ‘परत’ हा अर्थ जिथे सरळ लागतो तिथे बरोबरची खूण आणि जिथे ओढूनताणून लावावा लागतो तिथे प्रश्नचिन्ह. तिकीट, चेक, माल, गिफ्ट, कॅच हे सगळे सरळ आहेत. रिटर्न कीवर क्षणभर थांबावं लागतं, पण टाइपरायटर आठवला की कोडं सुटतं: ओळ संपली की कॅरेज ढकलून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणायची, त्याला कॅरेज रिटर्न म्हणत. कॅरेज गेली, कीवरचं नाव उरलं. प्रश्नचिन्हं उरतात ती टॅक्स, निवडणूक आणि कोर्टाच्या नोटिशीपुढे. पुढची सगळी मेहनत या तिघांसाठी करायची आहे.

ही पायरी गाळावीशी वाटते, कारण यात विद्वत्तेचं असं काही दिसत नाही. गाळू नका. प्रश्न हातात नसताना कोश उघडला, तर माहिती भरपूर मिळते आणि कळत काहीच नाही.

पायरी २: कोशातली नोंद कशी वाचायची

सुरुवातीला ‘एटिमॉनलाइन’ हा डग्लस हार्पर यांचा इंटरनेटवरचा मोफत कोश पुरतो. नोंदी छोट्या आणि भाषा सोपी. खोलात जायचं असेल तर ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश आहे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. हजारो वाचकांनी जुन्या पुस्तकांतून वेचून पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर तो उभा आहे. त्याच्या इंटरनेट आवृत्तीला पैसे पडतात, पण मोठ्या ग्रंथालयांत विचारून बघा. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आणि इंग्लंडातल्या फ्रेंचसाठी केलेला अँग्लो-नॉर्मन कोश हे दोन्ही मात्र मोफत आहेत, आणि आपल्या शब्दासाठी दोन्ही फार कामाचे आहेत.

नोंद वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, क्रम. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ काळाच्या क्रमाने लावलेले असतात, सर्वांत जुना आधी. नेहमीच्या छोट्या कोशांत बहुधा जास्त वापरातला अर्थ आधी येतो. कुठल्या कोशात काय पद्धत आहे हे प्रस्तावनेत पाहिल्याशिवाय ‘पहिला अर्थ तोच मूळ’ असं धरू नका.

दुसरी, तारांकित रूपं. शब्दाच्या आधी तारा (*) असेल तर ते रूप कुठल्याही लेखी पुराव्यात सापडलेलं नसतं, नंतरच्या रूपांवरून अभ्यासकांनी बांधलेलं असतं. ते खोटं नसतं, पण सापडलेल्या रूपाच्या रांगेत त्याला बसवता येत नाही.

तिसरी, तारीख. कोशातली तारीख म्हणजे लेखनात सापडलेला सर्वांत जुना वापर. बोलण्यात शब्द त्याआधीपासून असणार. म्हणून ‘अमुक साली हा शब्द जन्मला’ असं लिहू नका, ‘अमुक काळापासून लेखनात मिळतो’ असं लिहा. ‘रिटर्न’ इंग्रजी लेखनात चौदाव्या शतकापासून मिळतो.

पायरी ३: शब्दाचे तुकडे पाडा, पण जपून

‘रिटर्न’चे दोन तुकडे आहेत, ‘री’ आणि ‘टर्न’. ‘री’ हा लॅटिनमधून आलेला उपसर्ग. मागे, परत, पुन्हा अशा छटा तो देतो. मात्र इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला ‘री’ दिसला म्हणजे तो हाच उपसर्ग, असं समजू नका. ‘रिअल’मध्ये तो नाही. तो शब्द लॅटिन ‘रेस’ म्हणजे वस्तू, यावरून आला आहे. तुकडे नेहमी कोशाला विचारून पाडावेत.

आता ‘टर्न’. इथे मजा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘तोर्नेर’ म्हणजे वळणं, वळवणं. त्याच्यामागे लॅटिनचं ‘तोर्नारे’ हे क्रियापद, आणि त्याचा अर्थ लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, घडवणं. ‘तोर्नुस’ म्हणजे लेथ. लॅटिनने तो शब्द ग्रीककडून घेतला. ग्रीकमध्ये ‘तोर्नोस’ हे सुताराचं हत्यार: वर्तुळ आखायचं साधन, आणि लेथही. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात जगाचे नकाशे काढणाऱ्यांची थट्टा केली आहे. हे लोक पृथ्वी जणू ‘तोर्नोस’ने आखल्यासारखी गोल गरगरीत दाखवतात, असं तो म्हणतो.

म्हणजे आज आपण ‘घरी रिटर्न आलो’ म्हणतो, त्या शब्दाच्या तळाशी एका कारागिराचं फिरतं लाकूड आहे. आपल्याकडे या कारागिराला कातारी म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे आणि त्याचा इंग्रजी अर्थ दिलाय ‘टर्नर’. आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरच्या बरोबरीने टर्नरचा ट्रेड असतो. तिथे लेथवर उभा राहणारा मुलगा या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आजही हाताने जगतोय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आणि अशा आनंदासाठीच हा खटाटोप करावासा वाटतो. भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश ज्यांनी केला, आणि ज्याच्याशिवाय मराठी शब्दांचा अभ्यास पुढे सरकत नाही, त्या राल्फ टर्नर यांचं आडनावही याच धंद्यावरून आलेलं.

पायरी ४: शब्द कुठल्या वाटेने आला ते तपासा

धातू सापडला की नवखा माणूस थांबतो. पण लॅटिनपासून इंग्रजीपर्यंतची वाट कुणी, कधी, कशासाठी तुडवली ते कळल्याशिवाय पुढचं उलगडत नाही.

‘टर्न’ आणि ‘रिटर्न’ एकाच वेळी आलेले नाहीत. लॅटिन ‘तोर्नारे’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीने नॉर्मन लोक येण्याआधीच घेतलेलं होतं. फ्रेंचमधून तो शब्द पुन्हा आला आणि पक्का झाला. ‘रिटर्न’ मात्र फ्रेंचच्या हाताला धरूनच आला. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबार, कोर्ट आणि जमीनदारी यांची भाषा फ्रेंच झाली, आणि नोंदी राहिल्या लॅटिनमध्ये. १३६२ साली एक कायदा करावा लागला की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, कारण फ्रेंच लोकांना फारशी कळत नाही. शेतकरी इंग्रजीत बोलत होता, त्याच्या जमिनीचा निकाल फ्रेंचमध्ये लागत होता आणि नोंद लॅटिनमध्ये होत होती. ‘कोर्ट’, ‘जज’, ‘अॅटर्नी’, ‘पार्लमेंट’ हे सगळे शब्द याच काळातले पाहुणे.

या वाटेचा ठसा आजही दिसतो. इंग्रज माणूस घरात ‘कम बॅक’ म्हणतो, अर्जात ‘रिटर्न’ लिहितो. पहिला देशी शब्द, दुसरा कचेरीतून आलेला. आपल्याकडे ‘माघारी आला’ आणि ‘प्रत्यागमन झाले’ यांच्यात असाच फरक आहे.

पायरी ५: अडलेल्या अर्थासाठी कागदाचा माग काढा

आता ती तीन प्रश्नचिन्हं. इथे घाई करू नका, सगळ्या शोधाचं सार या पायरीत आहे.

मध्ययुगीन इंग्लंडात राजाच्या नावाने निघणाऱ्या लेखी हुकमाला ‘रिट’ म्हणत. आपल्या उच्च न्यायालयातली रिट याचिका हे नाव तिथूनच आलेलं. चामड्याच्या छोट्या पट्टीवर मोजक्या शब्दांत हुकूम लिहिलेला असे: अमक्याला अमुक दिवशी न्यायाधीशांपुढे हजर करा. हा हुकूम जाई त्या परगण्याच्या शेरीफकडे. शेरीफ हा राजाचा जिल्ह्यातला माणूस. मुंबईलाही इंग्रजांनी हे पद आणलं. मराठीत आपण त्याला नगरपाल म्हणतो.

शेरीफने हुकमाची बजावणी करायची आणि काय झालं ते त्याच पट्टीच्या पाठीवर लिहून ठरलेल्या दिवशी ती कोर्टाकडे परत पाठवायची. ही परत पाठवायची क्रिया म्हणजे ‘रिटर्न’. माणूस सापडला नाही तर पाठीवर लॅटिनमध्ये ठराविक शेरा पडे, ‘नोन एस्त इन्व्हेन्तुस’, म्हणजे ‘तो सापडला नाही’. शेरीफ मंडळी खोटे शेरेही लिहीत. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्यात त्याबद्दल तक्रार आहे आणि उपायही सांगितला आहे.

अर्थ कुठे घसरला ते इथे दिसतं. सुरुवातीला परत जात होती ती चामड्याची पट्टी. पण कोर्टाला पट्टीशी कर्तव्य नव्हतं, त्याला हवा होता पाठीवरचा मजकूर. हळूहळू ‘रिटर्न’ म्हणजे पट्टी परत करणं हा अर्थ मागे पडला आणि ‘रिटर्न’ म्हणजे वरून मागितलेली, अधिकृतपणे लिहून दिलेली माहिती, असा अर्थ पुढे आला. हा एक सांधा सापडला की बाकीचं आपोआप उलगडतं.

कोर्टातलं ‘रिटर्नेबल’ घ्या. नोटीस किंवा रूल (कोर्टाने काढलेला हुकूम) बजावून, काय झालं ते ज्या तारखेला कोर्टापुढे यायचं, ती तारीख म्हणजे रिटर्नेबल तारीख. ‘फोर्थविथ’ म्हणजे लगेच. हेबिअस कॉर्पसच्या, म्हणजे कैदेतल्या माणसाला कोर्टापुढे आणायला सांगणाऱ्या, रिटवर कैदेत ठेवणाऱ्याने दिलेल्या उत्तरालाही कायद्याच्या इंग्रजीत अजून ‘रिटर्न’ म्हणतात. सात शतकांपूर्वीची पट्टी गेली, तिच्या पाठीवरचा शेरा मात्र आपल्या कोर्टाच्या रोजच्या भाषेत शिल्लक आहे.

निवडणुकीचंही तसंच. पार्लमेंट भरवायचं ठरलं की राजा शेरीफांना रिट पाठवी: तुमच्या परगण्यातून प्रतिनिधी निवडून पाठवा. शेरीफ निवडणूक घेई आणि निवडलेल्यांची नावं कळवून रिट परत करी. म्हणून निवडून येण्याला इंग्रजीत ‘रिटर्न्ड’ म्हणतात आणि हे काम करणारा तो रिटर्निंग ऑफिसर. ब्रिटनमध्ये आजही विजयी उमेदवाराचं नाव रिटच्या पाठीवर लिहून ती परत पाठवली जाते. भारतात निवडणूक अधिसूचनेने जाहीर होते, परत करायला रिट नसते. तरी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पदाचं नाव तेच राहिलं, आणि निकालानंतर हा अधिकारी जो नमुना २१-ई भरतो त्याचं इंग्रजी नावही ‘रिटर्न ऑफ इलेक्शन’ असंच आहे. मराठीत आपण त्याला ‘निवडणूक निर्णय अधिकारी’ म्हणतो. ज्याने हा मराठी शब्द ठरवला त्याने ‘परत’ हा अर्थ बाजूला ठेवून अधिकाऱ्याचं काम पाहिलं. माझ्या मते हा फार शहाणा निर्णय होता. ‘परतावा अधिकारी’ केलं असतं तर कुणाला काय कळलं असतं?

राहता राहिला टॅक्स. सरकारने मागितलेली लेखी माहिती म्हणजे रिटर्न, हा अर्थ एकदा रुळल्यावर तो कचेरी-कचेरीत पसरला. ब्रिटनमध्ये १८०१ साली पहिली जनगणना झाली. गावोगावच्या आकड्यांच्या तक्त्यांना रिटर्न्स म्हणत. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७९९ मध्ये, फ्रान्सशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी पंतप्रधान धाकट्या विल्यम पिटने आयकर बसवला. हिंदुस्थानात १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८६० मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी इथे आयकर आणला. त्याबरोबर रिटर्नही आलं. १९६१ च्या आयकर कायद्यातही ‘रिटर्न ऑफ इन्कम’ हेच शब्द आले, आणि मराठीत त्याला ‘विवरणपत्र’ म्हणतात.

इथे मराठी माणसाचा एक खास घोटाळा होतो. आपण ‘टॅक्स भरला’ म्हणतो आणि ‘रिटर्न भरलं’ही म्हणतो. पैसे भरणं आणि फॉर्म भरणं, दोन्हीला आपलं एकच ‘भरणे’. त्यात ‘रिटर्न’चा परत हा अर्थ डोक्यात असतो. मग जादा कापलेला कर खात्यात परत आला की लोक म्हणतात ‘रिटर्न आलं’. ते रिटर्न नव्हे, तो रिफंड. रिटर्न आपण देतो, रिफंड सरकार देतं. पहिल्यांदा नोकरीला लागलेल्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. ‘माझा टॅक्स टीडीएसमध्ये कापला गेलाय, मग रिटर्न कशाला?’ हा प्रश्नही याच घोटाळ्यातून येतो. कर चुकता झालेला असला तरी माहिती देण्याचं काम वेगळं आहे.

गुंतवणुकीवरच्या रिटर्न्सची वाट आणखी निराळी आहे. ती कोर्टातून येत नाही, बंदरातून येते. व्यापारी जहाज माल घेऊन दूरदेशी जायचं आणि त्या मालाच्या बदल्यात जे काही परत यायचं, माल असो वा पैसा, त्याला व्यापारी रिटर्न्स म्हणत. त्यातून नफा, उत्पन्न हा अर्थ निघाला. मराठीत यालाही परतावा आणि रिफंडलाही परतावा म्हणतात, त्यामुळे आर्थिक बातमी वाचताना संदर्भ पाहूनच अर्थ लावा.

आणि ‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’? त्यात परत यायचा असतो तो दिवस. हा दिवस तुमच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येवो, असा तो आशीर्वाद आहे. इंग्रजीत तो अठराव्या शतकापासून छापलेला मिळतो.

पायरी ६: नातेवाईक ओळखा, तोतये वगळा

एका शब्दाची वाट सापडली की त्याच घराण्यातले बाकीचे शब्द शोधून पडताळा घ्या. ‘टूर’ म्हणजे फेरी, तो याच कुळातला. ‘टूर्नामेंट’ही, कारण त्यात सरदार घोडे वळवून एकमेकांवर चाल करत. नकाशातली ‘कंटूर’ रेषा इटालियनमधून आलेली, पण मुळात लेथचीच नातेवाईक. ‘अॅटर्नी’ म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये ज्याच्याकडे काम वळवलं, सोपवलं तो. आपलं कुलमुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, त्यातलं ‘टर्न’ आता दिसू लागेल.

‘टोर्नेडो’ मात्र तोतया आहे. गरगर फिरणारं वादळ म्हटल्यावर ‘टर्न’शी नातं असणारच असं वाटतं. पण तो शब्द बहुधा स्पॅनिश ‘त्रोनादा’ म्हणजे गडगडाटी वादळ, यावरून आला, आणि ‘वळणे’ या अर्थाच्या शब्दाच्या प्रभावाने त्याची अक्षरं नंतर बदलली. अर्थ जुळला, आवाज जुळला, तरी कूळ वेगळं असू शकतं.

याच्या उलट गंमतही होते. ‘रिव्हर्ट’ हा शब्दही परत वळण्याचाच, पण ‘रिटर्न’चा तो रक्ताचा नातेवाईक नाही. त्याच्यामागे लॅटिन ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळवणं. हा धातू मात्र आपल्या घरातला निघतो. संस्कृत ‘वृत्’ आणि लॅटिन ‘व्हर्तेरे’ एकाच प्राचीन धातूची लेकरं. म्हणजे इंग्रजीतले कन्व्हर्ट, रिव्हर्स, डायव्हर्ट आणि आपले वर्तन, वर्तुळ, परिवर्तन, निवृत्त हे दूरचे भाऊबंद. कालव्याला पाण्याचं उन्हाळी आवर्तन सुटलं असं नगरचा शेतकरी म्हणतो, तेव्हा तोही याच कुळातला शब्द वापरत असतो.

हे नातं मात्र कानाने ठरलेलं नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं, आणि पुढच्या शतकात अभ्यासकांनी कुठला ध्वनी कुठल्या भाषेत कसा बदलतो याचे नियम शोधून काढले. एकच जोडी जुळली तर तो योगायोग असू शकतो. तोच बदल डझनावारी शब्दांत नियमाने दिसला की ते नातं.

पायरी ७: गोड गोष्टींपासून सावध राहा

परतीच्या प्रवासाशी जोडलेली एक दंतकथा मुंबईकरांनी हमखास ऐकलेली असते: ‘पॉश’ हा शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि मायदेशी परतताना उजवीकडची केबिन सावलीत असे, श्रीमंत लोक ती घेत आणि तिकिटावर ही अक्षरं उमटवत, अशी ती कथा. असं तिकीट कुणालाच सापडलेलं नाही. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची रीत विसाव्या शतकाच्या आधी फार दुर्मीळ होती, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या दंतकथा गळतात.

आपल्याकडचा प्रकार वेगळा असतो. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असं काही वाचलं की छाती फुगते आणि तपासायचं राहून जातं. आपल्या भाषेवर प्रेम असेल तर तिच्या नावावर खोटी नोंद चढू देऊ नये. अशी कुठलीही गोष्ट समोर आली की विचारा: मधली रूपं कुठे आहेत? सर्वांत जुना लेखी पुरावा केव्हाचा? शब्द ज्या वाटेने आला म्हणतात, त्या वाटेवर त्या काळी माणसांची ये-जा होती का?

पायरी ८: मूळ सापडलं म्हणून आजचा वापर चूक ठरवू नका

हा मोह फार होतो. ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे कृपया उत्तर द्या. लॅटिन शिकलेला कुणी म्हणेल, रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, हा वापर साफ चूक. पण आत्ताच आपण पाहिलं की ‘रिटर्न’ने परत जाणाऱ्या पट्टीपासून माहितीपर्यंत मजल मारली. मग ‘रिव्हर्ट’ उत्तरापर्यंत पोचला तर बिघडलं कुठे? पुण्या-मुंबईतल्या ऑफिसात त्याचा अर्थ प्रत्येकाला कळतो, आणि इंग्रजी कोशही आता भारतीय इंग्रजीतला वापर म्हणून त्याची नोंद घेतात. परदेशी माणसाला लिहिताना मात्र ‘रिप्लाय’ लिहा, कारण त्याच्या कानाला रिव्हर्ट वेगळं ऐकू येईल. हा निर्णय वाचणारा कोण आहे ते पाहून घ्यायचा. धातू त्यात कौल देऊ शकत नाही.

पायरी ९: टिपण लिहा

शोध संपला की एका पानात टिपण करा, नाहीतर महिन्याभरात सगळं विसरायला होतं. वर शब्द, खाली त्याची वाट उलट्या क्रमाने: इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक. प्रत्येक रूपापुढे अर्थ आणि शतक. पक्कं काय आणि अंदाज काय, हे वेगळ्या शाईने. मग प्रत्येक अर्थासमोर त्याची जागा लिहा: शेरीफची कचेरी, बंदर, जनगणनेचा तक्ता, टाइपरायटर. हा शेवटचा रकाना बहुतेक कोशांत नसतो. तो तुमचा तुम्हालाच भरावा लागतो, आणि टिपणाचा खरा कस तिथे लागतो.

सराव म्हणून पुढचा शब्द ‘रिमांड’ घ्या. वर्तमानपत्रात तो रोज येतो. ‘पोलीस रिमांड’ ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे चौकशी आणि दरडावणी येते, आणि घरात कुणी खरडपट्टी काढली तरी आपण ‘रिमांड घेतली’ म्हणतो. पण वरचं कोर्ट एखादा खटला फेरविचारासाठी खालच्या कोर्टाकडे पाठवतं, तेव्हा त्यालाही रिमांडच म्हणतात. आरोपी कोठडीकडे आणि खटला खालच्या कोर्टाकडे, या दोन्हींत समान काय ते आधी स्वतः शोधा. मग कोश उघडा. ‘री’ ओळखीचा आहे. ‘मांड’चा लॅटिन धातू ‘मँडेट’ आणि ‘कमांड’मध्येही भेटेल.